झालंचकाकांच्या हातचा गुलाब

आमच्या गल्लीतले पुरुष मागून बघितले तर सगळे एकाच आईच्या पोटचे वाटायचे. मानेवर बारीक, कानामागं पट्टीनं आखल्यासारखी रेघ आणि वर उपडी वाटी ठेवल्यासारखा गोल. पोस्टमनचं डोकं तसं, पावाच्या भट्टीवाल्याचं तसं, आणि हेडमास्तरांचं उरलंसुरलं होतं तेवढंही तसंच. परगावच्या गर्दीत आपलं माणूस हुडकायचं तर तोंड बघायची गरज नव्हती. मान बघितली की पुरे.

ही सगळी करणी झालंचकाकांची.

त्यांचं दुकान तिठ्यावर होतं. एक खुर्ची, कडेनं काळा पडलेला आरसा, गिऱ्हाइकांना टेकायला एक बाक, आणि फळीवर तुरटीचा खडा, साबणाची वाटी, ब्रश. पाटीवरचं नाव उन्हानं केव्हाच खाऊन टाकलेलं. मग लोकांनी त्यांच्या तोंडातल्या शब्दावरूनच त्यांचं नाव पाडलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, पांढरं कापड गळ्याभोवती आवळलं, की काका कात्री दोनदा हवेत वाजवायचे.

"काका, थोडंच कापा हां."

"झालंच."

म्हणजे अजून कात्री केसाला लागलेलीसुद्धा नसायची.

"वरचे जरा राहू द्या."

"झालंच, झालंच."

"अहो, घरी पाहुणे येऊन बसलेत."

"हे काय, झालंच!"

तोवर डोक्याचा गोल पुरा होत आलेला असायचा. तुम्ही काय मागितलंत आणि काय मिळालं याचा एकमेकांशी संबंध नसायचा. कसं कापू, किती कापू, असं काकांनी उभ्या हयातीत कुणाला विचारलं नाही. आणि गंमत अशी, की काम खरोखर संपलं की ते एक अक्षर बोलायचे नाहीत. कापड झटकायचे, मागं आरसा धरायचे आणि लगेच केर काढायला घ्यायचे. जमिनीवर केस पडलेले दिसले की त्यांचा जीव अडायचा.

तर अशा माणसाचा हात कापायला लागला.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. चहाचा कप बशीत वाजायचा, एवढंच. मग एके दिवशी पोस्टमनच्या कानाची पाळी कात्रीत आली. फार नाही, पण कापडावर लाल ठिपके पडले. पोस्टमन स्वभावानं गरीब. म्हणाला, "काका, कान मी घरी घेऊन जाणार होतो." बाकावरची माणसं हसली. काका हसले नाहीत. तुरटी लावताना त्यांचा हात असा थरथरला की तुरटी पोस्टमनच्या डोळ्यात गेली.

काकांचा मुलगा त्याच दुकानात शिकून तयार झालेला. समजूतदार. त्यानं त्या दिवशी विषय काढला नाही. दोन-चार दिवसांनी दुकान उघडताना म्हणाला, "बाबा, तुम्ही आता बाकावर बसत जा. लोक तुमच्याशी बोलायलाच येतात."

"बोलायला काय, माणसं भिंतीशीही बोलतात," काका म्हणाले. आपली कात्री त्यांनी पांढऱ्या कापडात गुंडाळली, काखेत मारली आणि घरी निघून आले. दुसऱ्या दिवसापासून बाकावरही गेले नाहीत.

घरी काकू. काकू मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. पहाटे जायच्या, दुपारी यायच्या. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. सगळं ब्लीचच्या पाण्यातून काढायचं, वाफेच्या खोलीत वाळवायचं. हातांची सालं निघालेली आणि घरात शिरल्या की त्यांच्याआधी फिनेल आत शिरायचं. काकूंचं म्हणणं असं, की संसार झाला तो दुसऱ्यांच्या वासात. नवरा घरी यायचा तो गल्लीभरच्या डोक्यांचा वास घेऊन, आणि आपण यायचो ते आजाऱ्यांच्या चादरींचा.

अलीकडं मात्र एक गोष्ट काकूंनी पोटात ठेवली होती. त्यांचं नाक जात चाललं होतं. दूध करपलं तरी कळायचं नाही. काका ओरडायचे, "अगं, नाक कुठं गहाण ठेवलंस?" काकू म्हणायच्या, "सर्दी आहे." दवाखान्यातल्याच डॉक्टरीणबाईंनी नाकात नळी घालून बघितलं होतं आणि सरळ सांगितलं होतं, की ब्लीचनं आतून खाल्लंय, आहे तेवढंही हळूहळू जाईल. काकूंनी नळी काढल्यावर नाक पुसलं आणि परत चादरी पिळायला गेल्या. रडायला वेळ कुणाला होता.

पण त्याच आठवड्यात कामावरून येताना त्या चौकापलीकडच्या नर्सरीवरून चालल्या होत्या. तारेच्या कुंपणाला लागून गुलाबाचं एक झुडूप ठेवलेलं. आणि काकू थबकल्या. कितीतरी महिन्यांत त्यांच्या नाकाला पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं. त्या कुंपणाला तोंड लावून उभ्या राहिल्या, ते नर्सरीवाली आतून ओरडेपर्यंत.

"काकू, शेळ्यांना हाकलते मी तिथनं. तुम्हाला काय म्हणू?"

"हे मला पाहिजे," काकू म्हणाल्या.

नर्सरीवाली तोंडाची फटकळ, पण मालाला खोटी नव्हती. "न्या. झुडपी गुलाब आहे, नखऱ्याचा नाही. उन्हाला दाद देत नाही आणि वासाला म्हणाल तर असा दुसरा नाही माझ्याकडं. पण ऐका. भिंतीला चिकटवून लावाल तर दुपारची भिंतच त्याला भाजून काढेल. हातभर लांब लावा. पाणी द्यायचं ते सकाळी, मुळाशी, खोल जाईल असं. पानांवर नुसतं शिंपडून समाधान करून घ्यायचं नाही. आणि मुळाशी वाळक्या पाल्याचा थर ठेवा."

"आणि?"

"आणि काय, त्याला त्याचं त्याचं राहू द्या."

काकूंचं अंगण म्हणजे एक खाट टाकली तर माणूस वळायला जागा नाही. वर ऊन असं, की आजवर तिथं शेवंती जगली नाही, जाई जगली नाही. काकूंनी एका सुट्टीच्या दिवशी फरशी उचकटून खड्डा खणला, तळाला विटांचे तुकडे, वर शेणखत मिसळलेली माती, आणि झुडूप लावलं. काका स्टुलावर बसून बघत होते.

"आता उतारवयात गुलाब कशाला?"

"असू दे. तुम्हाला काय त्रास आहे?"

त्रास तर होताच. उन्हाळा सरून हवा गार झाली आणि झुडपाला फुटवे आले. लालसर, कोवळे, एक इकडं गेलेला, एक तिकडं, एक सरळ वर. झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोक्यासारखं सगळं. काकू कामावर गेलेल्या, घरात चिटपाखरू नाही, आणि काका स्टुलावर. समोर ते विस्कटलेलं डोकं. किती वेळ बघणार? हात शिवशिवायला लागले. त्यांनी पांढरं कापड उलगडलं, कात्री काढली, दोनदा हवेत वाजवली.

फक्त ती एक उजवीकडची बट.

नवल असं झालं, की कात्री पाल्यात शिरली आणि हात वळणावर आला. थरथरत होता, नाही असं नाही. पण इथं कान नव्हता, मान नव्हती, रक्त निघायची भीती नव्हती. मागून मुलगा बघत नव्हता. मग डावीकडची घेतली. मग वरची, कारण नाहीतर गोल बसत नव्हता.

कापून झालं की तुकडे गोळा करायचे, मागच्या डब्यात टाकायचे, जागा झाडून पाणी मारायचं. लपवायचं म्हणून नव्हे. सवयच ती. पण त्यामुळं झालं असं, की दुपारी काकू आल्या की त्यांना अंगण लखलखीत आणि झुडूप नीटस दिसायचं. हे आठवड्याच्या आठवड्याला चालू राहिलं.

येणारे-जाणारे थांबायला लागले. "काकू, झुडूप काय राखलंय हो!"

"मी कुठं राखते? आपणहून गोल धरतंय," काकू कौतुकानं म्हणायच्या. काका मूग गिळून चहा प्यायचे.

फूल मात्र येईना. काकूंनी शेणखत घातलं, हाडांचा चुरा घातला, चहाचा चोथा घातला. पाला असा दाट झाला की त्यात चिमणी शिरली तर वाट चुकेल. कळी नाही. काकू कामावरून आल्या की आधी वाकून झुडपात नाक खुपसायच्या.

"पानं हुंगतेस होय?" काका म्हणायचे. "चरायला तर सोडलं नाही ना कुणी तुला?"

काकू नाक तसंच खुपसून राहायच्या. फिनेलचा झोंबरेपणाही आताशा त्यांना जाणवत नव्हता. धुलाईघरातल्या बायका त्यांना म्हणायच्या, तुम्हाला बरं झोंबत नाही! त्या मनात हिशेब करत होत्या, की आधी काय होणार, फूल येणार की नाक जाणार.

हवा पुन्हा तापायला लागली तशा त्या नर्सरीवालीकडं भांडायलाच गेल्या. "फसवलंस तू मला. वांझोटं रोप गळ्यात मारलंस."

"माझं रोप? चला, दाखवा," म्हणून नर्सरीवाली कुलूप लावून तशीच निघाली.

अंगणात येऊन तिनं झुडपाभोवती एक फेरी मारली. पान उलटून बघितलं, काडी बघितली. मग दोन पावलं मागं सरली, मान वाकडी केली, आणि एकाएकी जी हसत सुटली ती थांबेचना.

"काय झालं? रोग आहे का?"

"रोग नाही, कीड नाही. काकू, ह्याची कटिंग झालीय!"

"म्हणजे?"

"अहो, माझ्या नवऱ्याचं डोकं मी रोज मागून बघते. हे तेच डोकं आहे. नुसतं हिरवं."

काका उठून माठ भरायला निघाले. माठ भरलेलाच होता.

"गुलाब कळी धरतो नव्या फांदीच्या शेंड्याला," नर्सरीवाली डोळे पुसत म्हणाली. "शेंडाच उडवला तर ते बिचारं फुलणार कुठून? काका, माणसाचे केस परत येतात म्हणून तुमचं खपलं हो आजवर!"

ती गेली. काकू दारातच उभ्या.

"कधीपासून?"

"थोडंच कापत होतो गं."

"तुमचं थोडं गल्लीला माहीत आहे."

काका स्टुलावर बसले. हात मांड्यांखाली दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. "काय करू? दुकानात जागा नाही, घरात काम नाही. ह्याच्यापुढं कात्री घेऊन उभा राहिलो की वाटतं, अजून कामातला माणूस आहे मी."

एरवी काकूंनी आणखी चार शब्द सुनावले असते. पण त्यांचा आवाजच उतरला. "मला वास येत नाही," त्या म्हणाल्या.

"कसला?"

"कसलाच. सर्दी नाही ती. दूध करपलेलं तुम्ही ओरडता तेव्हा मला कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे तेवढंही जाईल. ह्या एकाचा आला होता, तिकडं नर्सरीत. म्हटलं, पुरतं नाक जायच्या आत आपल्या दारात एकदा घ्यावा."

काकांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. मग म्हणाले, "आधी सांगायचंस की."

"सांगून काय झालं असतं? झालंच म्हणाला असतात."

काकांनी उठून कात्री पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि काकूंच्या हातात दिली. "तुझ्या कपाटात ठेव. किल्लीही तुझ्याकडंच ठेव."

"किल्ली कशाला? मी काय जेलर आहे?" काकूंनी कात्री कपाटात टाकली आणि दार नुसतं लोटलं.

तिथून पुढं काकांचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. झुडूप मोकाट सुटलं. एक फांदी भिंतीकडं धावली, एक शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकवायला लागली, एक काकांच्या स्टुलाकडंच वळली आणि येता-जाता त्यांचा सदरा ओढायची. काका तिला अंग चुकवून बसायचे, पण बसायचे तिथंच. जेवणावरचं लक्ष उडालं. स्वतःची दाढी करायचं सोडलं. एका दुपारी मुलगा जेवण झाल्यावर सहज आला आणि बापाकडं बघून दचकला.

"बाबा, दाढी तरी करून देऊ का?"

"नको," काका झुडपाकडं बोट दाखवून म्हणाले. "दोघंही वाढतोय."

मात्र पाणी त्यांनी स्वतःकडं घेतलं. काकू पहाटे गेल्या की ऊन चढायच्या आत मुळाशी हळूहळू पाणी सोडायचं, पाल्याचा थर सारखा करायचा. उन्हाळा असा पेटला की गल्लीतल्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या. हे झुडूप तेवढं हिरवं. आणि त्या सदरा ओढणाऱ्या फांदीच्या शेंड्याला काकांना एक फुगीर टोक दिसलं. मटाराएवढं. काकूंना ते बोलले नाहीत. त्यांनाही दिसलं होतं, त्याही बोलल्या नाहीत. बोललं तर दृष्ट लागेल अशा बेतानं दोघं तिकडं न बघता बघत होती.

कळीनं रंग दाखवला त्याच दिवशी गरम वारा सुटला. दुपारी असा, की दाराची कडी हाताला चटका देत होती. काकू धुलाईघरातून निघाल्या तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्या कोपऱ्यावर वळल्या आणि अंगण नजरेला पडलं.

झुडपाच्या गळ्याभोवती दुकानातलं पांढरं कापड. नीट आवळून, मागं गाठ मारून. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईकच. आणि शेजारी काका उभे.

ते कापड कात्रीभोवती होतं. कात्री कपाटात होती. कपाट उघडंच होतं.

"काय केलंत!" काकू फाटकातून ओरडल्या. हातातली पिशवी तिथंच पडली. "अहो, काय केलंत हे!"

"अगं, काही नाही..."

"कापलंत ना? शेवटी कापलंतच ना!"

"कापलं नाही. बसवलंय नुसतं!" काकाही ओरडले. "वारा बघ कसला आहे. कळी भाजून निघाली असती. सावली धरलीय."

काकूंनी गाठ सोडली. हात इतके थरथरत होते की ती सुटता सुटेना. आता अंगणात दोघांचेही हात थरथरत होते. कापड बाजूला झालं. फांदी जिथल्या तिथं. शेंड्याला कळी, पाकळ्यांची टोकं किंचित सुटलेली. काकूंनी कापड परत बांधलं, जरा ढिलं, हवा खेळती राहील असं. मग आत गेल्या. कपाटात कात्री उघडीबागडी पडलेली होती. उचलून बघितली. पात्यांवर हिरवा डाग नव्हता.

बाहेर येऊन म्हणाल्या, "उन्हात किती वेळ उभे आहात?"

"झालंच की आता, तू येईस्तोवर."

म्हणजे चांगलाच वेळ झाला असणार.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दांडी मारली. धुलाईघरात रुजू झाल्यापासून त्यांनी असली दांडी मारली नव्हती. सकाळी, भिंत अजून गार असताना, फूल उमललेलं होतं. फार मोठं नव्हतं. उन्हाळ्यातलं फूल लहानच राहतं. पण गच्च पाकळ्यांचं, गडद गुलाबी, आतून गुंडाळी घातल्यासारखं. काकू वाकल्या. काका स्टुलावरून उठून जवळ आले.

"येतोय?"

काकूंनी नाक पाकळ्यांत आणखी खुपसलं.

"येत नाही का?"

"अहो, मागं व्हा. तुमच्या तोंडचा चहाचा वारा लागतो."

काका मागं झाले. काकूंनी पुन्हा वाकून डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. काकांना वाटलं, संपलं, कापण्यात जे महिने गेले तेवढ्यात नाक गेलं.

"येतोय," काकू म्हणाल्या.

"खरं?"

"खोटं कशाला बोलू? तुमची भीड आहे का मला?"

"कसा आहे?"

"तुमच्या दुकानासारखा नाही, एवढं नक्की." त्या पुन्हा वाकल्या. "गोड आहे. आणि मागून जरा लिंबाची साल खरवडल्यासारखा."

तेवढ्यानं काकूंचं नाक काही बरं झालं नाही. कधी वास यायचा, कधी नाही. आला की त्या कामावर जाताना सांगून जायच्या, आज आला. नाही आला तर काही न बोलता जायच्या, आणि काका दिवसभर झुडपाकडं रागानं बघायचे.

फुलाच्या पाकळ्या गळाल्या. नर्सरीवाली रस्त्यावरून जाताना कुंपणावरून वाकून म्हणाली, "ते सुकलेलं काढून टाका आता. ठेवलंत तर झाड बी धरायच्या नादी लागेल, पुढची कळी येणार नाही. खाली पाच पानांचा जुडगा दिसतोय ना, त्याच्या जरा वर, तिरका काप द्या. आणि काका, तेवढंच हं! माझ्या घरात एक डोकं आहे तसलं, ते पुरे."

काकूंनी कपाटातून कात्री आणली आणि काकांपुढं धरली.

"नको. मी हात लावणार नाही."

"मग कोण लावणार? माझ्या हातांची सालं निघालीत, काटे टोचतात. घ्या."

काकांनी कात्री घेतली. हात थरथरत होता. सवयीनं दोनदा हवेत वाजवली. मग झुडपाकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि सगळ्या गल्लीला खोटं वाटेल असं काहीतरी त्यांच्या तोंडून निघालं.

"किती कापू?"

काकूंनी बोटानं जागा दाखवली. "इथवर. बाकीचं राहू द्या." आणि फांदी धरली.

"हलवू नकोस."

"मी कुठं हलवते? हलताय तुम्ही."

कट्. वाळकं बोंड खाली पडलं. कात्री तशीच उघडी राहिली, कारण उजवीकडं एक लांबलचक फांदी गोल पार मोडून बाहेर आली होती. काकांची नजर तिच्यावर गेली. काकूंची नजर काकांवर. काकांनी पाती मिटली.

"झालं," ते म्हणाले.

त्यात 'च' नव्हता. काकूंनी चमकून बघितलं. तोवर काका वाकून जागा झाडायला लागले होते.